संवेदनवाद आणि सनसनाटी: तत्त्वज्ञाची संवेदना, पत्रकाराची खळबळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेन्सेशनॅलिझम हा शब्द तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात भेटतो तेव्हा त्याचा अर्थ एक असतो, पत्रकारितेच्या पुस्तकात भेटतो तेव्हा दुसराच. या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध आहे, की नुसतं नामसाधर्म्य? आणि सनसनाटी पत्रकारितेला संवेदनवादाचा तात्त्विक आधार आहे असं म्हणता येईल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: नाही, तसं म्हणता येणार नाही. संवेदनवाद ही ज्ञान कुठून येतं याविषयीची एक भूमिका आहे. सनसनाटी हा बातमी देण्याच्या कामातला दोष आहे. संवेदनवादी तत्त्वज्ञांनी भडकपणाची कधी वकिली केली नाही, आणि भडक मथळे देणाऱ्या संपादकांना त्यांचे ग्रंथ वाचायची गरज पडली नाही. इंग्रजीत तत्त्वज्ञानातला अर्थ १८४०च्या दशकात रुळला आणि पत्रकारितेतला १८६०च्या दशकात. एकातून दुसरा निघालेला नाही.

पण मी बरीच वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली आणि आता पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना ज्ञानमीमांसा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावं आणि ते कसं मिळतं याचा विचार, शिकवतो. या दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. सनसनाटी बातमीत नेमकं काय बिघडलेलं असतं हे समजून घ्यायला आचारसंहितेच्या कलमांपेक्षा संवेदनवाद जास्त उपयोगी पडतो. त्यामुळे तो आधी नीट मांडतो.

आपल्या मनात जे काही आहे, म्हणजे कल्पना, आठवणी, निर्णय, इच्छा, ते सगळं इंद्रियांकडून आलेल्या संवेदनांतूनच घडलेलं आहे, हा संवेदनवादाचा गाभा. विचार जुना आहे. ‘ज्ञान म्हणजे इंद्रियसंवेदनच’ हे मत प्लेटोने आपल्या एका संवादात तपासायला घेतलं आणि खोडून काढलं. एपिक्युरसने तर संवेदन स्वतः कधी चुकत नाही, चूक होते ती त्यावरून आपण काढलेल्या निष्कर्षात, अशी भूमिका घेतली. १६५१ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने लिहिलं की मनातली प्रत्येक कल्पना, पूर्णपणे किंवा अंशाअंशाने, आधी इंद्रियांवर उमटलेली असते.

इथे विद्यार्थी हमखास अनुभववाद आणि संवेदनवाद एकच समजतात. तसं नाही. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ लॉक अनुभववादी होता, म्हणजे सगळं ज्ञान अनुभवातून येतं असं मानणारा, पण त्याने ज्ञानाचे दोन झरे मानले: बाहेरच्या वस्तूंचं संवेदन, आणि मन स्वतःच्या व्यापारांकडे पाहतं ते चिंतन. आपण शंका घेतो, तुलना करतो, निवड करतो, याची जाणीव त्याच्या मते या दुसऱ्या झऱ्यातून येते. संवेदनवादी म्हणतो, दुसरा झरा नाहीच. शंका, तुलना, निवड याही संवेदनाच, फक्त रूप पालटलेल्या. प्रत्येक संवेदनवादी अनुभववादी असतो, पण प्रत्येक अनुभववादी संवेदनवादी नसतो.

हे टोकाचं मत सर्वांत काटेकोरपणे मांडलं ते फ्रेंच विचारवंत कोंदियाक याने. १७४६च्या पहिल्या ग्रंथात तो लॉकच्याच वाटेने चालला होता. १७५४ मध्ये आलेल्या संवेदनांवरच्या प्रबंधात त्याने ती वाट सोडली आणि एक विचारप्रयोग मांडला. तो सावकाश पाहण्यासारखा आहे.

संगमरवराचा एक पुतळा आहे. आतून तो माणसासारखाच घडलेला आहे, पण त्याच्या मनात अजून एकही कल्पना नाही. बाहेरचं कवच त्याला कुठलंही इंद्रिय वापरू देत नाही. आता आपण एकेक इंद्रिय उघडायचं. कोंदियाक सुरुवात घ्राणेंद्रियापासून करतो, कारण ज्ञानात सर्वांत कमी भर घालणारं इंद्रिय तेच असं त्याला वाटतं. पुतळ्याच्या नाकाशी गुलाब धरला. आपल्या दृष्टीने तो गुलाबाचा वास घेणारा पुतळा. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र तो स्वतःच तो वास आहे. बाहेर काहीतरी आहे, त्याला वास आहे, आणि तो मला येतो आहे, ही विभागणी त्याच्यापाशी नाहीच.

त्या एकाच वासाने त्याची सगळी जाणीव व्यापली, तर त्यालाच कोंदियाक अवधान म्हणतो. अवधान ही मनाची वेगळी शक्ती नाही. सगळी जागा अडवून बसलेली संवेदना म्हणजे अवधान. मग गुलाब दूर नेला आणि दुसरं फूल आणलं. गुलाबाचा ठसा पुसून गेलेला नाही. तो टिकून राहिला ती स्मृती. आता पुतळ्याकडे दोन गोष्टी आहेत, एक समोर आणि एक मागची. दोन्हींकडे एकाच वेळी अवधान गेलं की तुलना झाली. तुलनेतून साम्य किंवा फरक जाणवला की निर्णय झाला. एक वास सुखाचा होता आणि आताचा तसा नाही, हे जाणवलं की इच्छा जन्मली. अशा रीतीने एका नाकातून जवळजवळ सगळं मन उभं राहतं.

बाहेरचं जग मात्र अजून नाही. ते येतं स्पर्शातून. पुतळ्याचा हात स्वतःच्या छातीवर पडतो तेव्हा हाताला आणि छातीला, दोन्हीकडे ‘मी’ जाणवतं. हात दुसऱ्या वस्तूवर पडला की हाताला जाणवतं, वस्तूकडून काहीच परत येत नाही. ही एकतर्फी संवेदना म्हणजे ‘मी नसलेलं’ काहीतरी असल्याचा पहिला पुरावा.

या मताची फ्रान्समध्ये बरीच चलती झाली. फ्रेंच तत्त्वज्ञ एल्व्हेतियसने तर निर्णय करणं म्हणजे संवेदनच अशी थेट मांडणी केली, आणि १७५८चा त्याचा ग्रंथ पुढच्याच वर्षी जाहीरपणे जाळण्यात आला. हे लक्षात घ्या, कारण संवेदनवाद त्या काळी सत्तेला आणि धर्मपीठाला टोचणारा विचार होता. माणसाचं मन जर संवेदनांतून घडत असेल, तर जन्मजात उच्चनीचता टिकत नाही आणि शिक्षण बदलून माणूस बदलता येतो.

आक्षेपही भक्कम आले. बुद्धीत असं काहीच नाही जे आधी इंद्रियांत नव्हतं, या जुन्या वचनाला जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने एक पुरवणी जोडली: खुद्द बुद्धी सोडून. कांटने १७८१ मध्ये सांगितलं की संकल्पनांवाचून संवेदन आंधळं राहतं. माझ्या मते कोंदियाकची खरी अडचण इथेच आहे. दोन संवेदना शेजारी ठेवल्या म्हणून तुलना आपोआप घडत नाही. तुलना करणारं काहीतरी लागतं. पुतळ्याच्या आत ते आधीपासून बसवलेलं आहे, आणि ‘आतून माणसासारखाच घडलेला’ या शब्दांत ते लपलं आहे.

यातला एक धागा तर प्रयोगापर्यंत पोहोचला. जन्मांध माणसाने घन आणि गोल स्पर्शाने ओळखायला शिकले असतील आणि पुढे त्याला दृष्टी मिळाली, तर नुसतं पाहून त्याला ते ओळखता येतील का? डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने १६८८ मध्ये हा प्रश्न लॉकला विचारला होता. भारतात जन्मापासून अंध असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी देणाऱ्या पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाच मुलांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाहिलेली वस्तू पाहून ओळखणं त्यांना लगेच जमलं. हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणं सुरुवातीला जमलं नाही, पण काही दिवसांत तेही सुधारलं. एका इंद्रियाची भाषा दुसऱ्याला शिकावी लागते, हे म्हणणं यातून बळकट होतं.

आता पत्रकारितेकडे येतो. इतिहास थोडक्यात सांगतो, तो सहज मिळतो. न्यूयॉर्कमध्ये इतर दैनिकं सहा सेंटला विकली जात होती तेव्हा १८३३ मध्ये ‘सन’ एका सेंटला निघालं. वर्गणीदारांऐवजी रस्त्यावरचा वाचक मिळवायचा तर मथळ्याने त्याला थांबवावं लागणार, हे गणित तिथून सुरू झालं. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कचे वृत्तपत्रमालक पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या स्पर्धेतून पीत पत्रकारिता, म्हणजे भडक मथळ्यांची पत्रकारिता, हे नाव पडलं. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. कारण कळायच्या आत, दोनच दिवसांनी, हर्स्टच्या पत्राने हे शत्रूचं काम असल्याचं ठळक टायपात छापून टाकलं. १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने कोळशाच्या कोठारातली आग हे संभाव्य कारण दाखवलं. स्पेनशी युद्ध वृत्तपत्रांनीच पेटवलं असं अनेकदा सांगितलं जातं. ते मला पटत नाही, युद्धाची कारणं त्याहून पुष्कळ खोल होती.

‘मेन’च्या उदाहरणाचा एक तोटा आहे. त्यावरून असं वाटतं की सनसनाटी म्हणजे खोटी किंवा न तपासलेली बातमी. खोटी बातमी हा वेगळा अपराध आहे. सनसनाटी बातमीतला प्रत्येक शब्द खरा असू शकतो, आणि तीच जास्त अवघड जागा आहे.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुपटीने वाढतो. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ते उचललं. धोका दुप्पट, म्हणजे १०० टक्के वाढ. विधान खरं होतं. मागचे आकडे असे होते: आधीच्या गोळ्या घेणाऱ्या दर ७,००० स्त्रियांमागे एकीला हा त्रास व्हायचा, नव्या गोळ्यांनी दर ७,००० मागे दोघींना. असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळ्या होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे मथळ्याखाली दिसायला हवं होतं.

आता कोंदियाकचा पुतळा पुन्हा समोर आणा. ‘धोका दुप्पट’ या शब्दांनी अवधान पूर्ण व्यापलं. पण निर्णय होण्यासाठी दुसरी गोष्ट हवी, कशाच्या दुप्पट ते हवं. ती दिलीच नाही. वाचक वासाशी एकरूप झालेल्या पुतळ्याच्या अवस्थेत ठेवला गेला: संवेदना आहे, तुलना नाही, म्हणून निर्णय नाही, नुसती भीती. माझ्या दृष्टीने सनसनाटीची व्याख्या हीच. अवधान खेचणं हा दोष नाही. कुठलाही चांगला मथळा अवधान खेचतोच. अवधान खेचून तुलनेचं साहित्य काढून घेणं हा दोष आहे.

ही व्याख्या कामाला येते. खुनाची बातमी पहिल्या पानावर आली म्हणून ती सनसनाटी ठरत नाही. त्या भागात असे गुन्हे वाढलेत की घटलेत हे न सांगता रोज एक खून पहिल्या पानावर येत राहिला, तर एकही वाक्य भडक न लिहिता सनसनाटी होते. उलट भूकंपाचं वर्णन अंगावर काटा आणणारं असूनही त्यात तीव्रता, मृतांचा आकडा, तो कुणी दिला, मदत कुठे पोहोचली आणि कुठे नाही, हे सगळं असेल तर त्याला मी सनसनाटी म्हणणार नाही. काटा येणं ही तिथे योग्य प्रतिक्रिया आहे.

संवेदनवादाने न सुटणारा एक भाग उरतो, आणि तिथे मला न्यायदर्शन, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचा (प्रमाणांचा) विचार करणारं भारतीय दर्शन, लागतं. वाचकाने घटना पाहिलेली नसते. बातमी वाचून त्याला जे कळतं ते प्रत्यक्ष नव्हे. ते शब्दप्रमाण आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज प्रमाणच मानलं नाही, म्हणून त्यांना कधी कधी संवेदनवाद्यांच्या पंक्तीला बसवतात. मी तसं करताना जपून राहतो, कारण चार्वाकांचा वाद कुठल्या प्रमाणावर विसंबावं याचा आहे, मन कशातून घडतं याचा नाही. न्यायदर्शनाच्या आचार्यांनी, म्हणजे नैयायिकांनी, शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानलं आणि लगेच अट घातली: आप्ताचा उपदेश तो शब्द. आप्त कोण? न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू, असंही तो सांगतो. बातमीदाराच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही. जाणणं, जसं पाहिलं तसं, आणि सांगण्याची इच्छा, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

सनसनाटी बातमी शब्दप्रमाण असून प्रत्यक्षाचा वेश घेते. तेच दृश्य पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरतं, मागे ठोक्यांचं संगीत असतं, निवेदकाचा आवाज चढलेला असतो. प्रेक्षकाच्या शरीराला वाटतं आपण तिथे आहोत, आपण पाहतो आहोत. आणि स्वतः पाहिलेल्या गोष्टीबद्दल ‘हे सांगणारा आप्त आहे का’ असा प्रश्न कोणी विचारत नाही. दहा सेकंदांची चित्रफीत कुणी घेतली, कधीची आहे, आधीचं आणि नंतरचं काय कापलं, हे प्रश्न त्या आवेगात बुडून जातात.

छापील बातमीत हेच काम भाषा करते. ‘घटनेनंतर परिसरात एकच खळबळ उडाली आहे’ हे वाक्य मराठी कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, इतक्या सवयीने येतं की लिहिणाऱ्यालाही ते जाणवत नाही. डेस्कवर नवा उपसंपादक आला की मी त्याला ते वाक्य दाखवून विचारायचो: खळबळ कोणी पाहिली? लोक जमले? रस्ता अडला? पोलिसांना गर्दी पांगवावी लागली? जे झालं असेल तेच लिही. बातमीदाराला फोन लावला की बहुतेक वेळा कळायचं, तो तिथे पोहोचला तेव्हा चार माणसं उभी होती. ‘हादरले’, ‘तांडव’, ‘थरार’ यांचंही तेच. हे शब्द घटनेचं वर्णन करत नाहीत, वाचकाला काय वाटायला हवं ते आधीच ठरवून देतात. ते काढले की कॉपीत काय शिल्लक राहतं ते पाहावं. पुष्कळदा इंट्रोमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदात, काहीच उरत नाही, आणि मग बातमीदाराला परत पाठवावं लागतं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. डेस्कवर याहून महत्त्वाचं दुसरं काम नाही.

मग खळबळ उडवून देण्याने कधीच भलं होत नाही का, असा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो. मी तिथे लंडनचा संपादक डब्ल्यू. टी. स्टेडची गोष्ट काढतो, कारण ती कुठल्याच एका बाजूला नीट बसत नाही. १८८५ मध्ये इंग्लंडात मुलीच्या संमतीचं वय १३ होतं, आणि ते वाढवणारं विधेयक संसदेत पुन्हा पुन्हा अडकत होतं. जुलैमध्ये स्टेडने आपल्या ‘पॉल मॉल गॅझेट’ या दैनिकात लंडनमधल्या बालिकांच्या वेश्याव्यवसायावर लेखमाला छापली. तेरा वर्षांची मुलगी पाच पौंडांना विकत मिळते, हे त्यातलं सर्वांत हादरवणारं प्रकरण. ते सिद्ध करण्यासाठी मुलगी ‘विकत घेण्याचा’ बनाव त्याने स्वतःच घडवून आणला होता. अंक मिळवायला गर्दी लोटली, सभा भरल्या, आणि ऑगस्टमध्ये संमतीचं वय १६ करणारा कायदा झाला. वडिलांची संमती न घेता मुलीला नेल्याबद्दल स्टेडला तीन महिन्यांची कैद झाली.

त्या लेखमालेतला शोधाचा भाग मला खरी पत्रकारिता वाटतो. मथळे आणि घडवून आणलेला व्यवहार मला सनसनाटी वाटतो, कारण तिथे जसं पाहिलं तसं सांगण्याऐवजी सांगण्यासाठी पाहण्याजोगं तयार केलं गेलं, तेही एका गरीब मुलीला वापरून. वय वाढवणं न्याय्य होतं आणि खळबळीवाचून ते विधेयक आणखी किती काळ पडून राहिलं असतं, कुणास ठाऊक. पण त्याच वातावरणात, ऑगस्टच्या एका रात्री उशिरा, फारशी चर्चा न होता त्या विधेयकात खासदार हेन्री लाबूशेर यांचं आणखी एक कलम घुसलं: पुरुषांमधले सर्व प्रकारचे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं. मुलींच्या संरक्षणाशी त्याचा काही संबंध नव्हता. दहा वर्षांनी त्याच कलमाखाली लेखक ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.